तपासणीच्या तारखेला उगवलेला चणा

निसर्गाचे नियम अटळ असतात. मात्र तपासणीची तारीख त्यांना आगाऊ कळवावी लागते. हे सत्य पुस्तकात सापडत नाही. आमच्या समितीला ते सन एकोणीसशे सव्वीसच्या थंडीत स्वानुभवाने मिळालं, आणि स्वानुभवातून शिक्षण हेच तर त्या वर्षीचं धोरण होतं.

आमची समिती म्हणजे झाशीच्या दक्षिणी बालपाठशाळेची व्यवस्थापक समिती. शाळा दतिया गेटच्या आत, दोन खोल्या आणि एक पडवी एवढ्या विस्ताराची. आमचे पूर्वज तलवार नाहीतर पळी-पंचपात्र घेऊन या मुलखात आले. त्यांचे वंशज रेल्वेच्या कारखान्यात आणि कचेऱ्यांत हजेरी लावू लागले, आणि त्या वंशजांची मुलं घरीसुद्धा हिंदीत भांडू लागली. मुलांनी मराठी बोलावं म्हणून ही शाळा काढली होती. (यश : अठ्ठावीस टक्के. बाकीची मुलं मराठीत गप्प बसत.)

समितीचे अध्यक्ष बापूराव मुळ्ये. रेल्वेच्या माल-कचेरीत त्यांनी एकतीस वर्षं काढली होती, आणि कागद बरोबर असला की माल पोचलाच, अशी त्यांची श्रद्धा होती. एकदा मालगाडीच्या एका वाघिणीतली केळी वाटेतच काळी पडली, तेव्हा त्यांनी केळी नाकारली नव्हती, केळ्यांचा रंग दुरुस्त करून घेतला होता. कागदावर. असा माणूस शिक्षणाला मिळणं हे भाग्यच. मी, नीलकंठ हर्डीकर, समितीचा चिटणीस. बापूराव ठराव सांगत, मी लिहून घेई, आणि सही करताना आम्हा दोघांनाही शिक्षणाची प्रगती झाल्यासारखं वाटे.

त्या वर्षी वरून परिपत्रक आलं. पहिली-दुसरीच्या मुलांना निसर्गविज्ञान घोकून न शिकवता गोष्टींतून आणि हातांनी कृती करवून शिकवावं, प्रत्येक बालकाने कृती स्वहस्ते करावी, आणि तीन आठवड्यांनी डिप्टी साहेब तपासणीला येतील. शाळेची मान्यता कायम ठेवायची की नाही, हे त्या तपासणीवर ठरणार होतं. बापूरावांनी परिपत्रक दोनदा वाचलं आणि म्हणाले, "उत्तम आहे. मुलांकडून पाठ करून घ्या."

पहिली-दुसरीला बकुळाबाई होत्या. त्यांचे यजमान यज्ञेश्वरराव रेल्वेत गार्ड, आठवड्यातले चार दिवस गाडीवर. ज्या बाईला वाट बघण्याची इतकी सवय आहे, तिला मुलं सांभाळणं जड जाणार नाही, या विचाराने समितीने त्यांना नेमलं होतं. त्यांच्यात दोष एकच होता. मुलांनी काही विचारलं की त्या उत्तर देत नसत. "चला, बघू या," म्हणत.

परिपत्रकाआधीपासूनच त्या गोष्टी सांगत असत, त्यामुळे त्यांच्यावर नियमभंगाचा थोडा संशय होता. त्यांची चण्याची गोष्ट मुलांना फार आवडे. एक चणा जाड बंडी घालून मातीत झोपलेला असतो. पाणी येऊन दार ठोठावतं. चणा म्हणतो, कोण आहे. पाणी म्हणतं, मी. चणा फुगतो, बंडी उसवते, आणि आतून एक पांढरा पाय बाहेर येतो. आधी डोकं नाही, आधी पाय. "का बरं आधी पाय?" असं विचारून बाई थांबत, आणि मुलं आपापल्या पायांकडे बघत.

ही गोष्ट समितीपुढे मंजुरीसाठी आली. बापूरावांनी विचारलं, "यात बोध कुठे आहे?" बकुळाबाई म्हणाल्या, "चणा आहे ना." मग समितीने गोष्ट सुधारली. सुधारलेल्या गोष्टीत चणा पहाटे उठतो, वडीलधाऱ्यांना नमस्कार करतो, पाण्याला आपण होऊन दार उघडतो, आणि शेवटी रेल्वेत लागतो. ती मुलांना पाठ व्हायला चार दिवस लागले. नंतर पायांकडे कोणी बघितलं नाही.

आता कृती. दोन कुंड्या, दोन्हींत सात-सात चणे. एकीला पाणी घालायचं, दुसरीला नाही, आणि काय होतं ते बघायचं. बकुळाबाईंचा बेत असा की पाळीपाळीने रोज एका मुलाने एक फुलपात्र पाणी घालावं. बापूरावांनी परिपत्रकावर बोट ठेवलं.

"प्रत्येक बालकाने, असं लिहिलंय बाई. पटावर त्रेचाळीस आहेत. रोज त्रेचाळीस फुलपात्री."

"बापूराव, चणे बुडतील हो."

"बुडण्याचा परिपत्रकात उल्लेख नाही."

म्हणून रोज सकाळी प्रार्थनेनंतर त्रेचाळीस मुलं हातात फुलपात्र घेऊन पडवीच्या पायरीशी रांग लावू लागली. कुंड्या पायऱ्यांवर ठेवल्या होत्या : पाण्याची वरच्या पायरीवर, बिनपाण्याची तिच्याखाली. दोन्हींवर मी माझ्या वळणदार अक्षरात चिठ्ठ्या चिकटवल्या : 'पाणी घातलेली' आणि 'पाणी न घातलेली'. सातव्या-आठव्या मुलापाशीच वरची कुंडी भरून जाई आणि उरलेल्या पस्तीस जणांचं विज्ञान पायरीवरून अंगणात वाहत जाई. शेजारच्या राधाबाई तेवढ्यात आपली तुळस शिंपून घेत. एवढा लोकोपयोग फार थोड्या प्रयोगांतून होतो.

दहाव्या दिवशी खालच्या कुंडीत कोंब आले. वरच्या कुंडीतून वास आला.

हे प्रथम लक्षात आलं ते सरलाच्या. सरला माझी मुलगी, वय वर्षे सात, दुसरीत. शाळा भरण्याआधीच ती पायरीशी उकिडवी बसलेली असायची. त्या दिवशी तिने बोटाने वरच्या कुंडीतला एक चणा उकरून काढला, हुंगला आणि बाईंपुढे धरला.

"बाई, हा सडला."

"आणि खालचा?"

"तो निकला. पण त्याला तर कोणी पाणी दिलंच नाही."

"मग कसा निघाला?"

सरला बराच वेळ बघत बसली. मुलांची रांग सुरू झाली, वरची कुंडी भरली, काठावरून पाणी ओघळलं, आणि त्यातले चार थेंब खालच्या कुंडीत पडले. बहुतेक पाणी बाहेर गेलं, तेवढेच आत.

"टपकतंय," ती म्हणाली. "बाई, थोडंसं टपकतंय. त्याला थोडंसंच पाहिजे होतं."

बकुळाबाई तिच्याशेजारी पायरीवर बसल्या. पदर ओला होतोय हे त्यांच्या लक्षात आलं नाही. मी हजेरीपट घेऊन तिथून जात होतो. एका पगारी शिक्षिकेने ऐन शाळेच्या वेळेत इतकं आनंदी दिसावं, हे मला चमत्कारिक वाटलं.

"चिटणीसजी," त्या म्हणाल्या, "तुमच्या मुलीने आज पुस्तकात नसलेली गोष्ट शोधली."

मी ही बाब तत्काळ बापूरावांच्या कानावर घातली.

समितीची तातडीची बैठक झाली. पुस्तकाप्रमाणे पाणी घातलेलं रोप वाढतं, न घातलेलं वाढत नाही. मुलांना हेच वाक्य पाठ दिलेलं. आणि तपासणी परवावर. बकुळाबाईंनी सुचवलं की जे झालं तेच साहेबांना दाखवावं. फार पाण्याने चणा मरतो हेही विज्ञानच आहे. बापूराव शांतपणे म्हणाले, "बाई, तेही विज्ञान असेल. पण ते दुसऱ्या इयत्तेचं नाही."

पुढे जे ठरलं त्याला फसवणूक म्हणणं चुकीचं होईल. चणे हलवले नाहीत, माती हलवली नाही, कुंड्या जागच्या जागी राहिल्या. फक्त चिठ्ठ्यांची बदली झाली, जशी ती सरकारी नोकरांची होते : काम तेच, पाटी वेगळी. बदलीचं काम माझ्याकडे होतं. तपासणीच्या आदल्या संध्याकाळी, मुलं घरी गेल्यावर, मी ते दहा मिनिटांत उरकलं. चिकटवायची खळ चांगली होती.

डिप्टी साहेब घोड्याच्या एक्क्यातून आले. त्या दिवसातली ती त्यांची दुसरी शाळा, अजून तीन बाकी होत्या, त्यांपैकी एक पार सीपरी बाजाराकडे. माणूस सौम्य, कपडे स्वच्छ, कफ पांढरेशुभ्र. मुलांनी एका सुरात रेल्वेत लागलेल्या चण्याची गोष्ट म्हटली. साहेबांनी मान डोलावली. मुलांनी एका सुरात नियम म्हटला. साहेबांनी कुंड्यांकडे पाहिलं, चिठ्ठ्या वाचल्या आणि म्हणाले, "बहुत ख़ूब."

इथे तपासणी संपायला हवी होती. पण जाताजाता लहान मुलांशी दोन शब्द बोलावेत, असा काही भल्या अधिकाऱ्यांचा रिवाज असतो. शाळांचं अर्धं नुकसान या रिवाजाने होतं. साहेबांनी कोंब आलेल्या कुंडीकडे बोट दाखवत पुढे बसलेल्या सरलाला विचारलं, "बिटिया, इस गमले में रोज़ पानी किसने डाला?"

सरला उभी राहिली. "किसी ने नहीं."



"पानी तो उसमें डालते थे," तिने दुसऱ्या कुंडीकडे बोट दाखवलं. "सब डालते थे. वो सड़ गया. इसमें ऊपर से थोड़ा टपकता था, तो ये निकल आया."

"मगर चिट पर तो कुछ और लिखा है."

"चिट कल तक उधर थी."

साहेबांनी बापूरावांकडे पाहिलं. बापूरावांनी माझ्याकडे पाहिलं. माझ्याकडे बघणारी आणखी एक होती, सरला. तिच्या चेहऱ्यावर भीती मुळीच नव्हती, हे मला आजही आठवतं. अण्णा इथेच आहेत, अण्णा सांगतील, असं ती उभी होती.

"क्यों साहब," डिप्टी साहेबांनी मला विचारलं, "बच्ची क्या कह रही है?"

"हुज़ूर," मी म्हणालो, "बच्ची है. कहानियाँ बहुत सुनती है."

साहेब हसले. सरला खाली बसली. कोणी सांगितलं नव्हतं, आपण होऊन बसली.

बकुळाबाई मात्र भिंतीपासून पुढे आल्या. "साहब, इसने जो देखा, वही कहा है. आप हाथ डालकर देख लीजिए."

साहेबांनी त्या कुंडीकडे पाहिलं. काळा चिखल होता, वर बुडबुडे होते. मग त्यांनी आपल्या कफाकडे पाहिलं. मग घड्याळाकडे. कृतीतून शिक्षणाचा प्रसार करणाऱ्या माणसाला एका दिवसात पाच शाळा कराव्या लागतात. प्रत्येक ठिकाणी कृती करत बसला तर प्रसार कधी करणार? ते म्हणाले, "इसकी ज़रूरत नहीं," आणि एक्क्यात बसले.

अहवाल पंधरवड्यात आला. मान्यता कायम. कृतिकार्य : उत्कृष्ट. शिस्त : उत्कृष्ट. कुंड्यांवरील अक्षर : विशेष उल्लेखनीय. शेवटी एक सूचना होती, की गोष्टींच्या अतिरेकाने काही बालकांच्या सत्यासत्य-विवेकावर परिणाम होत असल्याचं दिसतं, त्याकडे लक्ष द्यावं. समितीने लक्ष दिलं. बकुळाबाईंचे आभार मानून त्यांच्याकडे शिवणकाम सोपवलं, आणि निसर्गविज्ञान स्वतः बापूरावांनी घेतलं. कृतीच्या तासाला मुलं हाताची घडी घालून बसत, कृती बापूराव सांगत, आणि वहीत सगळे लिहीत, 'आम्ही केले.' पहिल्या वर्षात एकही कुंडी फुटली नाही, एकही चणा सडला नाही आणि निकाल शंभर टक्के लागला.

शिवणकामाच्या तासाला बकुळाबाई दोन महिने आल्या. मग यज्ञेश्वररावांची बदली बीना जंक्शनला झाली आणि त्या गेल्या. निरोप समारंभाचा ठराव मी लिहिला होता. समारंभाला कोरम झाला नाही.

राहिली सरला. तपासणीच्या संध्याकाळी जेवताना तिने विचारलं, "अण्णा, मी कहानी सांगत होते का?"

"जेव," मी म्हणालो.

"चिठ्ठ्या कोणी बदलल्या?"

"ते समितीचं काम असतं. भात घे."

तिने भात घेतला. आमच्या हिने वाढता वाढता माझ्याकडे पाहिलं आणि वरणाचं भांडं जरा जोरात खाली ठेवलं. पुढे काही झालं नाही. सरलाने पुन्हा विचारलं नाही. त्या दिवसानंतर तिने मला काहीच विचारलं नाही. आभाळ निळं का, इंजिन शिटी कशी मारतं, काही नाही. एका चिटणिसाच्या घरात इतकी शांतता म्हणजे सुखच म्हणायचं.

तीनेक महिन्यांनी काहीतरी आणायला मी गच्चीवर गेलो. कठड्याच्या आडोशाला एक फुटका माठ होता. त्यात चण्याची सात रोपं, वीतभर उंच, त्यांतल्या दोहोंवर निळसर फूल. शेजारी एक फुलपात्र पालथं घातलेलं. मातीत एक काडी खोचून तिला कागद बांधला होता, आणि त्यावर मोठाल्या वाकड्या अक्षरांत लिहिलं होतं : 'मी पाणी घातलं. रोज एक.' खाली तारीखवार रेघा होत्या. मी मोजल्या. एकही दिवस चुकला नव्हता. बकुळाबाई बीन्याला जाण्याआधी दोनदा येऊन ती रोपं बघून गेल्या, हे मला हिच्याकडून कळलं. मला ती दाखवावीत असं त्या घरात कोणालाच वाटलं नव्हतं.

मी फुलपात्र होतं तसं ठेवलं आणि खाली आलो.

वाचकहो, इथवर आलात, मुलीच्या बाजूने उभे राहिलात, माझा थोडा रागही आला असेल. येऊ द्या. पण एक नम्र पृच्छा आहे. कुंडीवरची चिठ्ठी मी बदलली, हे मीच सांगितलं. साहेबांपुढे मी खोटं बोललो, हेही मीच सांगितलं. असं असताना कुठल्या कुंडीत काय उगवलं, गच्चीवर माठ होता की नव्हता, हे सगळं तुम्ही केवळ माझ्या अक्षरावर विश्वास ठेवून मान्य केलंत. एकानेही उठून वाटीभर चणे भिजत घातले नाहीत.

तरी काही बिघडत नाही. वहीत लिहून टाका : 'आम्ही केले.'