मन्मथअप्पांचा दुसरा बार

मन्मथअप्पा कुणाच्याही घरी गेले की लगेच आत येत नसत. आधी दार उघडून लावून बघत. पुन्हा उघडत, पुन्हा लावत. बिजागरी कुरकुरली की सदऱ्याच्या खिशातून तेलाची बारकी कुपी बाहेर निघे. घरातली माणसं ‘या, या’ म्हणत चहा टाकायला जात आणि चहा गार झाला तरी पाहुणा आपला उंबऱ्यातच उकिडवा बसलेला.

एकदा आम्ही माझ्या मेहुण्यासाठी मुलगी बघायला गेलो होतो. वडीलधारं माणूस सोबत असावं म्हणून अप्पांना नेलं. ही माझी हौस, दुसरं काय! मुलगी पोहे घेऊन आली, बसली, नाव सांगितलं, उठून गेली. अप्पा तोवर कोपऱ्यातल्या लोखंडी कपाटाची कडी वरखाली करत होते. मुलीच्या बापाला वाटलं, वरपक्षाचा कपाटावर डोळा आहे. त्याचा चेहरा उतरला. निघताना अप्पा त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, “आता सुटतंय बगा. लई दिवसाचं अडून बसलं होतं.” त्यांनी मुलीकडे पाहिलंच नव्हतं. लग्न जमलं ते त्यांच्यामुळे नव्हे.

अप्पांचं बंदूक दुरुस्तीचं दुकान आणि माझा फोटो स्टुडिओ यांच्यामध्ये एकच भिंत. धंदा बंदुकीचा, पण अप्पा गळ्यात इष्टलिंग बाळगणारे, कांदा चिरतानाही डोळे मिटणारे. जन्मात त्यांनी जीव असलेल्या कशावर बार टाकला नाही. दुरुस्त केलेली बंदूक तपासायची असली की पोलिसांना सांगून शहराबाहेरच्या बंद खाणीत जायचं, मुरमाच्या ढिगावर नेम धरायचा आणि चाप ओढण्याआधी पुटपुटायचं, “माफ कर, माय.” ही माफी मुरमाची. काडतुसांची पिशवी धरायला मी. का, ते विचारू नका, शेजार म्हणून.

एकनळी असो, दुनळी असो, अप्पांचं शास्त्र एकच. “पयला बार कुणीबी उडवतंय, दिगंबरा. दुसरा सुटला पायजे.” म्हणून त्यांचा खरा जीव आटोमॅटिक बंदुकीवर. एक बार उडाला की त्याच्याच धक्क्यानं रिकामं काडतूस बाहेर पडायचं आणि नवं आपसूक आत यायचं. मराठवाड्यात अशा बंदुका हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या, निजामाच्या काळापासून कुणाकुणाच्या माडीवर टांगलेल्या. आणि सगळ्यांचा रोग एक, दुसरं काडतूस मध्येच आडवं होऊन अडकायचं. अप्पा ती बंदूक उघडत, स्प्रिंग कानाशी धरून वाजवत, आत कुठे बारीक खडबडीत लागलं तर पॉलिशकागदानं घासत बसत. बसत म्हणजे काय, उभ्यानंच घासत. त्यांच्या दुकानात स्टूल होतं ते गिऱ्हाइकाला. अप्पांच्या हातून गेलेली आटोमॅटिक अडकली, असं कुणी कधी ऐकलं नव्हतं.

‘दुसरा बार’ त्यांना सगळीकडे दिसायचा. पुढारी निवडून आला की, “पयला बार झाला, आता दुसऱ्याला बगू.” त्या वर्षी मृगात एक सर येऊन गेली, लोकांनी पेरलं आणि नंतर आभाळानं जे तोंड फिरवलं ते फिरवलंच. गंजगोलाईच्या बाजारात लोक हवालदिल होऊन बोलत होते. अप्पा आभाळाकडे बघून म्हणाले, “अडकलं.” देवाची स्प्रिंग गेलीय, असं म्हणायची त्यांची छाती झाली नसावी, पण तोंडावर तेच होतं.

लातूर नुकतंच जिल्हा झालं होतं. म्हणजे लाल दिव्याच्या गाड्या आल्या, पाणी मात्र टँकरनं. आतापर्यंत बंदुकीच्या परवान्याचं काम निघालं की लोक उस्मानाबादला जात. आता सगळे परवाने, दुकानांचेसुद्धा, नव्या कचेरीत पुन्हा नोंदवायचे होते. अप्पा कचेरीत गेले. तिथलं फर्निचर ट्रकमधून हिसके खात आलेलं, कारकुनाचा ड्रॉवर उघडेना. अप्पांनी तो उघडून दिला. मग शेजारच्याचा. मग साहेबांच्या खोलीचं दार. संध्याकाळी हात पुसत परत आले, कारकून खूश, आणि स्वतःचा अर्ज तसाच खिशात. दुसऱ्या दिवशी पुन्हा गेले तेव्हा कळलं की फोटो पाहिजे.

फोटो! अहो, माझ्या स्टुडिओतलं स्टूल एका पायानं किंचित आखूड आहे. अप्पा बसले की ते डुगडुगे. मी कॅमेऱ्यामागे “हलू नका” म्हणेपर्यंत अप्पा वाकून स्टुलाच्या पायाखाली घडीचा कागद सारत. कधी पडद्याची दोरी अडली म्हणून उठत. फिल्मवर उमटे ती एक पांढरी सावली आणि एक टोपी. मी चिडून म्हणालो, “अप्पा, तुमच्यापेक्षा लहान पोराचा फोटो बरा येतो.” ते म्हणाले, “बसून काय करू? बसलं की घर आठवतंय.”

घरी कुणी नव्हतं त्यांच्या. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, मूलबाळ नाही, जेवण खाणावळीत, तेही आठवण झाली तर. एक धाकटा भाऊ होता, गुरलिंग. बापाच्या हाताखाली दोघं एकाच भात्यापुढे शिकले. वाटणीच्या वेळी बापाच्या ऐरणीवरून शब्द वाढला. ऐरण अप्पांनी ठेवली, हातोडा घेऊन गुरलिंग रागानं नांदेडला गेला आणि तिथं त्यानं बंदूक दुरुस्तीचंच दुकान थाटलं. तेव्हापासून बोलणं बंद. गाव त्यांना अप्पा म्हणे. ‘अण्णा’ म्हणणारा जगात एकच होता आणि तो बोलत नव्हता. नांदेडचा विषय निघाला की अप्पा म्हणत, “त्येचा दुसरा बार अडकतोच.” आणि मग उगाच कानस घेऊन काहीतरी घासत सुटत.

त्या कोरड्या वर्षाच्या उन्हाळ्यात देवणीकडचे व्यंकटराव आपली आटोमॅटिक घेऊन आले. वडिलांनी घेतलेली, पाच बारांची. आता दुसऱ्यालाच अडकते, म्हणाले.

“रानात पीक न्हाई, मालक,” अप्पा म्हणाले. “डुकरं बी डोंगराला गेली. मग आता बंदूक कशाला?”

“जनावर माजलंय,” व्यंकटराव हसत म्हणाले. “दोन पायाचं.”

आम्ही हसलो नाही. व्यंकटराव आणि त्यांचा धाकटा भाऊ माधव यांची विहीर सामाईक होती. तळाला उरलेल्या पाण्याच्या पाळीवरून दोघांची जुंपलेली, हे बाजारात सगळ्यांना माहीत होतं. धाकटा रात्रीचं पाणी चोरतो, असं थोरला चारचौघांत सांगत हिंडायचा.

“पाचीच्या पाची बार सुटले पायजेत, अप्पा,” ते जाताना म्हणाले. “एकावर भागायचं न्हाई.”

एरवी अशी बंदूक अप्पांनी संध्याकाळच्या आत परत केली असती. या खेपेला ते म्हणाले, “येळ लागंल.” हा शब्द मी त्यांच्या तोंडून पहिल्यांदाच ऐकला.

बाजाराच्या दिवशी व्यंकटराव आले. आम्ही तिघं खाणीत गेलो. पहिला बार उडाला, दुसरं काडतूस अडकलं. पुढच्या बाजारी पुन्हा तेच. त्याच्या पुढच्याही. अप्पा बंदूक उघडत, पुसत, लावत, “माफ कर, माय” म्हणत आणि दुसरा बार काही सुटत नसे. बातमी पसरली. अप्पांचा हात गेला. डोळ्यांत मोतीबिंदू आला. उदगीरच्या एका गिऱ्हाइकानं तर ठेवलेली दुनळी न विचारता उचलून नेली. अप्पा आपले दुकानातल्या दुकानात येरझारा घालत. भिंतीपलीकडून मला त्यांच्या चपलांचा आवाज ऐकू येई आणि माझंही कामात लक्ष लागेना.

शेवटी मी उठून गेलो. “अप्पा, एवढं काय झालंय हो त्या बंदुकीला?”

त्यांनी ती उघडली आणि नळीखालून एक गोल कडी काढून माझ्या तळहातावर ठेवली. “काई झालं न्हाई. जड काडतूस असलं की ही अशी बसवायची, हलकं असलं की उलटी. बाप डुकरासाठी जड वापरायचा. ह्यो हलकं वापरतोय आन कडी बापाची हाय तशीच. हलक्या बाराला धक्काच पुरत न्हाई, म्हणून अडकतंय.”

“म्हणजे नुसती फिरवायची?”

“चा पिऊस्तोवर होतंय.”

“मग तुम्ही…”

“म्या बिघडवली न्हाई, दिगंबरा,” अप्पा घाईनं म्हणाले. “देवाशप्पथ बिघडवली न्हाई. फक्त नीट केली न्हाई.”

मी म्हणालो, पोलिसांत सांगा. तर म्हणाले, काय सांगू? माणूस हसत बोलला म्हणून? “पण पहिला बार तर आताही सुटतोय,” मी म्हणालो. “एकच बार असला की माणूस डरतोय,” ते म्हणाले. “दुसरा अडंल म्हणल्यावर पयला बी टाकत न्हाई. पाची सुटतेत म्हणल्यावर टाकतोय.” हे खरं की खोटं, मला ठाऊक नाही. त्या दिवसांत अप्पांचा त्यावर भरवसा होता, आणि त्या भरवशापायी ते आयुष्यभराचं नाव पाण्यात घालत होते. मला त्यांची भीतीही वाटली आणि मायाही.

पुढच्या बाजारी व्यंकटरावांनी बंदूक काखेत मारली. “राहू द्या. परवा नांदेडला नेतो, तुमच्या भावाकडं.”

ते निघून गेले तसे अप्पा पांढरे पडले. गुरलिंग त्याच बापाच्या हाताखाली शिकलेला. बंदूक उघडताच कडी त्याच्या ध्यानात येणार, तो ती फिरवणार, पाचही बार सुटणार. वर नांदेडभर सांगणार, लातूरच्या थोरल्याला एवढंही कळलं नाही. पण अप्पांच्या तोंडून निघालं ते वेगळंच. “माधवला लेकरं हायती रे.”

“मग नांदेडला जा आणि भावाला सांगा,” मी म्हणालो. “व्यंकटराव परवा निघणार आहेत. तुम्ही आधी पोचाल.”

दुसऱ्या दिवशी मीच त्यांना स्टँडवर नेलं. नांदेडची गाडी लागलेली. अप्पा दाराशी गेले, दार ओढलं, ते घासत होतं. झालं! कुपी निघाली. कंडक्टर म्हणाला, “बसा की काका,” तर हे बिजागरीला तेल घालून दार उघडून लावताहेत. घंटी झाली. दार छान लागलं आणि गाडी गेली. अप्पा हातात कुपी घेऊन फलाटावर उभे. “दुसरीनं जातो,” म्हणाले. दुसरीही गेली. “इतक्या वर्सानं जाऊन म्हणू काय त्येला? माजी चूक लपव म्हणू?” मग ते पायीच दुकानाकडे चालू लागले आणि मी सायकल हातात धरून त्यांच्या मागे.

त्यानंतर अप्पांनी कुठल्याच दाराला हात लावला नाही. माझ्या अंधाऱ्या खोलीची कडी मी मुद्दाम ढिली करून ठेवली, तिकडेही बघितलं नाही. तेव्हा मात्र मी घाबरलो.

व्यंकटराव आले ते भर दुपारी, धुळीनं माखलेले. बंदूक अप्पांपुढे आपटली. “घ्या. तुमचा भाऊ बी तसलाच.”

अप्पांनी ती सरळ केली. मीच विचारलं, “काय झालं?”

“काय व्हायचंय! उघडली. आतली एक कडी काढली, हातात घेऊन बगत बसला. लई येळ. मला इचारलं, ही लातूरला किती दिवस होती. म्या म्हणलं, सगळा उन्हाळा. तवा कडी होती तशी बसवली आन दिली माज्या हातात. चार गिऱ्हाइकांत म्हणला, अण्णाला जमली न्हाई ती बंदूक मला जमत न्हाई. घेऊन जावा.”

अप्पांचा हात टेबलावर काहीतरी शोधत होता. “अण्णा म्हणला?”

“अण्णाच म्हणला. का?”

“आजूक काय म्हणला?”

“म्हणला, अण्णा येळेवर जेवतेत का. आता म्या काय तुमच्या जेवणावर पाळत ठेवतो का?”

व्यंकटराव तणतणत निघून गेले. बंदूक नादुरुस्त म्हणून अप्पांच्याच दुकानात जमा राहिली. विहिरीवर व्हायचं ते भांडण पुढे झालंच, पण काठ्यांचं. दोघा भावांची डोकी फुटली, दवाखान्यात शेजारशेजारच्या खाटा मिळाल्या आणि भाकरी दोघांना एकाच घरून आली, कारण माधवची बायको माहेरी होती. अजून कोर्टात भांडतात म्हणे. भांडू देत. जिवंत आहेत.

पण त्या दुपारी हे काही आम्हाला ठाऊक नव्हतं. व्यंकटराव गेल्यावर अप्पा माझ्या स्टुडिओत आले. दार तपासलं नाही. सरळ येऊन त्या आखूड पायाच्या स्टुलावर बसले. ते डुगडुगलं. अप्पा हलले नाहीत.

“काढ फोटो,” म्हणाले.

मी काळ्या फडक्याखाली डोकं घातलं. भिंगातून पाहिलं तर अप्पांचे डोळे भरलेले. पुसा म्हणावं, तर हलतील. म्हणालोच नाही. खटका दाबला.

“तीन परती कर,” ते उठत म्हणाले. “दोन कचेरीला.”

“आणि तिसरी?”

अप्पा एव्हाना माझ्या अंधाऱ्या खोलीच्या कडीशी पोचले होते. ती ढिली आहे हे त्यांना दिसलं होतं आणि खिशातून स्क्रू-ड्रायव्हर निघाला होता. माझ्याकडे पाठ करूनच ते म्हणाले, “नांदेडला धाड. गुरलिंगला दिसू दे, म्या येळेवर जेवायलोय म्हणून.”

फोटो स्वच्छ आला. गालफडं आत गेलेली, डोळे ओले. जेवणारा माणूस काही तो दिसत नव्हता. तरी मी त्याच दिवशी पाकिटात घालून नांदेडला पाठवला.