हेतबित वसाहतीतल्या तेवीस बरण्या

बचत करायची असेल तर आधी भरपूर खर्च करावा लागतो, हे सामान्य माणसाला आपणहून कळत नाही. म्हणून त्याच्यासाठी विभाग कार्यालय असतं. आमच्या विभाग कार्यालयाने गेल्या उन्हाळ्यात 'स्वस्त व घरगुती स्वयंपाकासाठी मूलभूत कपाट' ही मोहीम हाती घेतली, तेव्हा हेतबित वसाहतीच्या तीन नंबर इमारतीचा सेक्रेटरी या नात्याने मी तिचं उत्स्फूर्त स्वागत केलं. (उत्स्फूर्त स्वागत करावं, असं परिपत्रकातच लिहिलं होतं.)

मोहिमेमागचा विचार निर्दोष होता. लोक बाहेरून जेवण मागवतात, कारण घरात काही नसतं. घरात सगळं असलं तर ते रांधतील. काय असावं हे ठरवायला सात जणांची समिती बसली. सातांपैकी पाच जण कार्यालयाच्या खानावळीत जेवत, एकाला आई होती आणि एकाचं पोटाचं ऑपरेशन झालेलं होतं. त्यामुळे निर्णयात स्वार्थाचा लवलेश नव्हता. तांदूळ, मीठ, साखर, सोया सॉस, त्वेनजांग म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनचा लगदा, लाल तिखट, तिळाचं तेल, लसूण, वाळवलेली बारीक मासळी, समुद्री शेवाळाच्या वाळक्या पट्ट्या, अशा तेवीस वस्तू निघाल्या. (बाविसावी वस्तू 'इतर' ही होती.) किमची, म्हणजे आंबवलेला तिखट कोबी, वगळली, कारण तिच्यासाठी घरोघरी वेगळा फ्रिज असतो आणि फ्रिज दुसऱ्या खात्याकडे येतात.

प्रत्येक वस्तूसाठी एकाच मापाची काचेची बरणी, लाकडी झाकण आणि पाऊण उंचीवर लाल रेघ. पाच आठवड्यांनी तपासणी. साठा रेघेखाली गेला तर गुण कापणार, कारण साठा कमी होणं म्हणजे नियोजनाचा अभाव. शंभर टक्के गुण मिळवणाऱ्या इमारतीला पहिलं बक्षीस आणि प्रवेशद्वारावर पितळी पाटी.

आमची इमारत पाटीसाठी जन्मलेली होती. महिला समितीच्या अध्यक्षा योमताईंनी एका रविवारी बहात्तरच्या बहात्तर घरांत बरण्या भरून घेतल्या आणि लिफ्टमध्ये सूचना लावली: "आता कोणी हात लावू नये." माझ्या बायकोने आमच्या कपाटाला दोरी बांधली. मी एकदा चिमूटभर मीठ मागितलं तर म्हणाली, "तपासणी झाल्यावर हवं तेवढं खा."

मोहिमेचे परिणाम लगेच दिसू लागले. आधी आमच्या इमारतीत संध्याकाळी सरासरी चौदा जेवणवाले मोटारसायकलवरून येत. बरण्या भरल्यानंतर एकसष्ट येऊ लागले. तळलेली कोंबडी, काळ्या रश्शातल्या नूडल्स, सगळ्यांची लिफ्टमध्ये दाटी. मासिक अहवालात मी लिहिलं, "संध्याकाळी आवारात वर्दळ वाढल्याने सुरक्षितता सुधारली आहे."

अशा सुरळीत चाललेल्या कामात जेगल आजोबांनी अडथळा आणला.

जेगल आजोबा सहाव्या मजल्यावर, माझ्या समोरच्या दारात राहतात. वय शहात्तर. बंदरावर पस्तीस वर्षं क्रेन चालवली. वसंतात त्यांची बायको गेली. तोवर त्यांनी पाणीसुद्धा उकळलं नव्हतं; त्यानंतर चार महिने ते पाकिटातल्या नूडल्स आणि पावावर राहिले आणि सात किलोंनी उतरले. दैजॉनला असणाऱ्या मुलाने, सांग-उकने, फोनवर सांगून टाकलं होतं, "आप्पा, छूसॉकच्या सणापर्यंत तुमचं तुम्हाला करून खाता आलं नाही, तर मी इथल्या वृद्धाश्रमात नाव घालतोय." म्हणून मोहिमेची पुस्तिका मिळाल्यावर आजोबांनी ती वाचली. छत्तीस पानं, शब्द न् शब्द. माझ्या माहितीत असं करणारे ते एकमेव.

एका सकाळी ते पुस्तिका घेऊन माझ्या टेबलासमोर उभे राहिले. "सेक्रेटरी, यात रांधायचं कुठल्या पानावर आहे?"

"छत्तिसाव्या."

"तिथे 'वरील साहित्य आवश्यकतेनुसार वापरावे' एवढंच आहे."

"मग बरोबर आहे."

"मला रोज तीन वेळा आवश्यकता वाटते."

मी त्यांना तपासणीपर्यंत थांबायला सुचवलं. ते म्हणाले, "पाच आठवडे? बायको जाऊन पाच महिने झाले, अजून किती थांबू?" आणि निघून गेले. त्यांचं म्हणणं मी 'इतर' या सदरात नोंदवलं.

त्याच दुपारी त्यांच्या घरातून धूर आला म्हणून मी धावलो. दार उघडं होतं. आजोबा जमिनीवर वर्तमानपत्र पसरून बसले होते, पुढ्यात वाळकी मासळी, आणि शेगडीशेजारी फोन मोठ्या आवाजात चालू. पलीकडे योसूला राहणारी त्यांची मेहुणी होती.

"दाजी, मुंडकी काढली का मासळीची?"

"सगळ्यांची काढायची?"

"नाही, ज्यांच्याशी तुमचं भांडण आहे त्यांचीच काढा! सगळ्यांची हो! आणि पोटातलं काळंही काढा, नाहीतर कडू होईल. ताई काढत होती ते चाळीस वर्षांत दिसलं नाही का तुम्हाला?"

"मी कामावर असायचो."

"आणि रविवारी?"

आजोबांनी आणखी एका मासळीचं मुंडकं मोडलं. मग हळूच म्हणाले, "रविवारी झोपायचो." मेहुणी नरमाईने म्हणाली, "बरं, आता शेवाळाची पट्टी टाका. पाणी उकळायला लागलं की काढून घ्या, विसरू नका."

पहिल्या दिवशीचा रस्सा खारट झाला, दुसऱ्या दिवशीचा पाणचट. चौथ्या दिवशी सहाव्या मजल्यावर असा वास सुटला की मी हातातली नूडल्सची पेटी घेऊन जागच्या जागी उभा राहिलो. आमच्याकडे बरण्या भरल्यापासून चूल पेटली नव्हती. नागरिकांच्या आरोग्याची जबाबदारी काही अंशी सेक्रेटरीवर असते, म्हणून मी आजोबांच्या घरी जाऊन पदार्थाची पाहणी केली. एक वाडगा भात, दोन वाडगे रस्सा, असं पाहणीचं स्वरूप होतं. घरी सांगितलं की पोट बिघडलंय, आज जेवणार नाही.

दुसऱ्या दिवशी पाहणीला गेलो तर योमताई आधीच बसलेल्या. "मी पळी परत करायला आले होते," त्या तोंडात घास ठेवून म्हणाल्या. पळी कोणाची, हे मी विचारलं नाही. हळूहळू पाचव्या मजल्यावरचा निवृत्त पोस्टमन आला, आठव्यावरच्या दोघी बहिणी आल्या. आपापला वाडगा आणि चमचा घेऊन बरोबर सहाला यायचं, असा शिरस्ता पडला. अकरा जण झालो. आजोबा सगळ्यांना वाढत आणि प्रत्येकाच्या तोंडाकडे बघत बसत. "मीठ?" ते विचारत. "बरोबर आहे," आम्ही म्हणत. त्यावर त्यांचा चेहरा असा काही उजळायचा की तिसरा वाडगा नाकारणं क्रूरपणाचं झालं असतं.

बरण्यांचं काय होतंय, हा विषय तिथे कोणी काढत नसे. जेवताना कार्यालयीन बोलणं बरं दिसत नाही.

मंगळवारी तपासणी झाली. निरीक्षक मुन मॅडम एकोणतीस वर्षांच्या, अतिशय नम्र, हातात टॅबलेट. एकाहत्तर घरांत शंभर टक्के. सातव्या मजल्यावरच्या एका घरी तर तांदळात किडे होऊन बरणीची पातळी भरल्या दिवसापेक्षा वर गेली होती. तिथे 'वाढता साठा' असा खास शेरा मिळाला. शेवटी जेगल आजोबांचं कपाट उघडलं. तांदूळ बारा टक्के. त्वेनजांग आठ. मासळीच्या बरणीत एक मासा होता, तोही मुंडक्यासकट. (तो राहून गेला होता.)

मुन मॅडम त्यांच्यासमोर गुडघे टेकून बसल्या आणि मोठ्याने, लहान मुलाशी बोलावं तसं बोलल्या, "आजोबा, हे सगळं तुम्ही एकट्याने खाल्लं?"

दाराबाहेर आम्ही अकरा जण उभे होतो. आजोबांनी आमच्याकडे पाहिलं. आम्ही सगळ्यांनी छताच्या ट्यूबलाइटकडे पाहिलं. तिला झालेला बिघाड बरेच दिवस बघायचा राहिला होता.

"हो," आजोबा म्हणाले. "भूक जास्त आहे मला."

"जेवल्याचं आठवतं का, की विसरून तुम्ही पुन्हा रांधता?"

"असेलही," आजोबा म्हणाले.

मॅडमनी हळहळत टॅबलेटवर खूण केली: 'स्मरणशक्ती संशयास्पद. एकट्याने राहण्यास अयोग्य. कुटुंबास कळवावे.' (असा शेरा पडलेलं घर गुणांतून वगळलं जातं.) सेक्रेटरी म्हणून खाली मी सही केली. त्या वेळी माझ्या मनात पितळी पाटी होती, हे मी नाकारत नाही. एक वाक्य बोललो असतो तर अकरा जणांची चोरून खाल्ल्याची नोंद झाली असती आणि पाटी गेली असती. योमताई माझ्या शेजारी होत्या. त्यांनीही खाली बघून चपला सारख्या केल्या.

बुधवारी आम्ही सगळेच जेवायला गेलो. विषय निघाला नाही. कोबीचा रस्सा होता. गुरुवारी, शुक्रवारीही गेलो. आजोबांनी 'मीठ?' असं विचारलं. आम्ही 'बरोबर आहे' म्हणालो.

शनिवारी सांग-उक दैजॉनहून आला आहे, हे आम्हाला माहीत नव्हतं. माहीत असतं तर आम्ही नक्कीच त्याला एकांत दिला असता. सहा वाजता मी बेल वाजवली. दार उघडलं ते त्याने. डोळे लाल, हातात विभाग कार्यालयाचा अहवाल. त्याने माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या मागे उभ्या असलेल्या दहा जणांकडे. मग वाडग्यांकडे.

"काय काम होतं?" त्याने विचारलं.

"चौकशीला आलो होतो," मी म्हणालो. "प्रकृतीच्या."

"चमचे घेऊन?"

आतून आजोबांचा आवाज आला, "आत घे रे त्यांना, निवतंय सगळं!"

सांग-उक दारातून हलला नाही. त्याने अहवाल आमच्यासमोर धरला. "इथे लिहिलंय की माझे वडील जेवलेलं विसरतात. मी कालपासून झोपलो नाही. वृद्धाश्रमाचे कागद पिशवीत आहेत. मंगळवारी तुम्ही कुठे होतात?"

योमताईंनी वाडगा छातीशी धरला आणि त्या म्हणाल्या, "मी इथेच होते. आणि सतरा वेळा जेवले." त्या रडत होत्या, बक्षीस-समारंभाचं भाषण त्यांचं लिहून तयार होतं, हे लक्षात घेतलं पाहिजे. पोस्टमन म्हणाला, "चौदा." बहिणी म्हणाल्या, "बारा, बारा." आकडे पुढे सरकत माझ्यापर्यंत आले.

"नऊ," मी म्हणालो.

"एकोणीस!" आजोबा आतून ओरडले. "आणि परवा दोन वाडगे घरी नेले!"

सांग-उकच्या तोंडून जो आवाज निघाला, तो हसण्याचा की हुंदक्याचा हे मला ठरवता आलं नाही. तो भिंतीला टेकला आणि म्हणाला, "यांची स्मरणशक्ती संशयास्पद?" मग बाजूला झाला. आम्ही आत गेलो. तो सगळ्यात शेवटी बसला. पहिला घास घेतल्यावर चमचा खाली ठेवून म्हणाला, "आईसारखा झालाय." आजोबा म्हणाले, "नाही. तिचा जरा दाट असायचा." आणि त्यांनी त्याला आणखी वाढलं.

जेवण झाल्यावर त्याने मला तिथेच लिहायला बसवलं: साठ्यातील तुटीस इमारतीतील अकरा रहिवासी जबाबदार आहेत. खाली अकरा सह्या. कागद बाहेर निघाल्यावर माझ्या घरी जे झालं त्याचा तपशील देत नाही, बायको "पोट बिघडलंय, नाही का!" एवढंच म्हणाली आणि तिने कपाटाची दोरी स्वतःच्या हाताने कापली. विभाग कार्यालयाने दोन महिन्यांनी निर्णय कळवला. 'स्मरणशक्ती संशयास्पद' हा शेरा रद्द करून त्याजागी 'साठ्याच्या वापरात अतिउत्साह' असा घातला. आजोबा घरीच राहिले. सांग-उक महिन्यातून एकदा येतो आणि येताना तांदूळ आणतो. आमची इमारत पहिल्यावरून शेवटून पहिली झाली. पितळी पाटी पाच नंबर इमारतीला मिळाली. तिथली एकही बरणी आजतागायत उघडलेली नाही, याबद्दल त्यांचं अभिनंदन.

तरीही मोहीम यशस्वी झाली, असंच म्हणावं लागेल. दूरदूरच्या वसाहतींतून मंडळं पाहणीला येतात. मी त्यांना कपाटं दाखवतो. ते यादी उतरवून घेतात, बरण्यांचे फोटो काढतात. जेगल आजोबा दारात येऊन प्रत्येकाला विचारतात, "रस्सा तयार आहे, दोन घास खाऊन जाता का?" पाहुणे घड्याळाकडे बघतात, वाकून आभार मानतात आणि जाताना मला बाजूला घेऊन विचारतात, अशा एकसारख्या बरण्या मिळतात कुठे?

आपण इतकं लक्षपूर्वक वाचलंत, म्हणजे तेवीस वस्तूंपैकी मी फक्त अकराच सांगितल्या, हे तुमच्या ध्यानात आलंच असेल. आजोबा रस्सा किती वेळ उकळतात हे सांगितलेलं नाही, ते बहुधा ध्यानात आलं नसेल. हरकत नाही. बरण्यांच्या दुकानाचा पत्ता मी छापून ठेवला आहे. आपलं नाव आणि किती बरण्या हव्यात, तेवढं कळवावं.