भुरी, पान सत्त्याण्णव

“लिही,” दादाभाऊ म्हणाले. “‘ज्यांचं नुसतं नाव ऐकून जुन्नर आणि आंबेगाव या दोन तालुक्यांतल्या गुन्हेगारांची झोप उडते, असे तल्लख, निर्भय, मितभाषी अन्वेषक दादाभाऊ...’ मितभाषीच्या मागे आणखी चार विशेषणं घाल. तुला सुचतील ती.”

मला सुचलेली विशेषणं छापण्यासारखी नाहीत. ती जागा मोकळी सोडून पुढे जातो.

दादाभाऊ एकतीस वर्षं पोस्टात होते. निवृत्त झाल्यावर त्यांनी स्वतःच्या नावाचा एक पितळी शिक्का करून घेतला, लाखेच्या डझनभर कांड्या आणल्या आणि ‘खासगी अन्वेषक’ अशी पाटी रंगवली. पिंपळवंडीच्या स्टँडसमोर माझं मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे. दुकानात एक स्टूल आहे. त्या स्टुलावर ते दहा ते सहा बसतात, म्हणून ते त्यांचं ऑफिस आणि मी त्यांचा सहायक. मला कुणी विचारलं नव्हतं. आजवर त्यांनी उलगडलेलं प्रकरण एकच, गेणभाऊंच्या हरवलेल्या शेळीचं. दादाभाऊ वाकून खुरांचे ठसे मोजत असताना शेळी आपण होऊन घरी आली आणि त्या ठशांवरूनच गोठ्यात गेली. “पुरावे नष्ट करायला आली होती,” असं त्यांनी वहीत नोंदवून ठेवलं आहे.

त्यांचं एक तत्त्व आहे: सीलबंद वस्तू उघडायची नाही. “एकतीस वर्षांत मी एक पाकीट उघडलं नाही, रविंद्र. नुसतं हातात धरलं की आत लग्न आहे का मयत, सांगायचो.” ते बरोबर निघायचं का, हे कळायला मार्ग नव्हता, कारण पाकीट उघडलेलंच नसायचं. या तत्त्वापायी एका बाईचं वाचनालयाचं कार्ड जाता जाता राहिलं, ती ही हकीकत.

आमच्या गावात ‘पानोपानी वाचक मंडळ’ आहे. अध्यक्ष बाळासाहेब. त्यांनी गेल्या वर्षी वाचनाचं आव्हान जाहीर केलं: वर्षात चोवीस पुस्तकं. पुस्तक झालं की मुखपृष्ठाचा फोटो ग्रुपवर टाकायचा, फोटोत शेजारी चहाचा कप हवा, खाली दोन ओळींची शिफारस हवी. मग वाचनालयातल्या तक्त्यावर तुमच्या नावापुढे हिरवी बरोबरची खूण. ज्याच्या चोवीस खुणा आधी होतील त्याने पुढच्या वर्षी घ्यायची पंचवीस पुस्तकं निवडायची. नियमांत फोटो होता, कप होता. पुस्तक वाचायचं असतं हे प्रास्ताविकात ओझरतं आलं होतं, पण प्रास्ताविक कोण वाचतं?

बाळासाहेबांनी पहिली शिफारस केली ती ‘अबोल अंगणातलं वादळ’ या तीनशे बारा पानांच्या कादंबरीची. “मानवी मनाचा तळ ढवळणारी.” अध्यक्षांचं मन ढवळल्यावर बाकीच्यांची कशी स्वस्थ बसणार? ते एक पुस्तक गावभर फिरायला लागलं. एका मंगळवारी तर ते तीन घरांत जाऊन आलं आणि दिवेलागणीपर्यंत तिन्ही घरांतले तळ ढवळून झाले. सतरा शिफारशी जमल्या. नववी माझी. मी लिहिलं होतं, “पान शंभरच्या पुढे तर खाली ठेववत नाही!” पुस्तक माझ्याकडे वीस मिनिटं होतं. त्यातली दहा मिनिटं कप कुठे ठेवायचा हे ठरवण्यात गेली.

अठराव्या बायडाबाई. वय एकसष्ट, घरची वीस गुंठे द्राक्षं. पंचावन्नाव्या वर्षी विहारातल्या रविवारच्या वर्गात त्या वाचायला शिकल्या आणि तेव्हापासून ओळीखाली बोट धरून, ओठ हलवत, हाती येईल ते वाचतात. त्यांच्याकडे फोटो काढणारा फोन नाही. म्हणून त्या सभेत उभ्या राहून पुस्तक तोंडी सांगत आणि ग्रंथपाल कल्याणीताई तक्त्यावर खूण करत. डिसेंबरात त्यांच्या तेवीस खुणा झाल्या होत्या. बाळासाहेबांच्या बावीस.

त्या सभेत त्या चोविसाव्या पुस्तकासाठी उभ्या राहिल्या.

“पुस्तक बरं हाय. त्या सुमनला नवरा लई छळतो. मग येक दिवस ती पिशवी भरती, दाराशी येती, आन् मग द्राक्षावरच्या भुरीचं येतं.”

“कशाचं?” बाळासाहेबांनी विचारलं.

“भुरीचं. वेलीवर पांढरी पावडर धरती बघा, तिचं. पान सत्त्याण्णवपास्नं. गंधक किती, पाणी किती, समदं दिलंय. सोळा पानं. मग परत सुमन येती, पर ती येकदम पुण्यातच. कशी गेली ते काय मला उमगलं नाय.”

सभा खो खो हसली. मीही हसलो. बाळासाहेब तेवढे हसले नाहीत. ते उठले. “सतरा जाणकारांनी वाचलेल्या कलाकृतीत भुरी नाही. ही मंडळाची फसवणूक आहे. पुढच्या रविवारी चौकशीचा अहवाल येईल. दोष सिद्ध झाला तर सगळ्या खुणा पुसल्या जातील आणि वाचनालयाचं कार्ड कायमचं रद्द होईल.”

बायडाबाईंचा चेहरा उतरला. “खुणा पुसा की,” त्या म्हणाल्या. “पर कार्ड नका घेऊ, भाऊ. घरी येक पुस्तक न्हाई माझ्या. ते पुस्तकच उघडून बघा ना.”

पण तोवर उशीर झाला होता. दादाभाऊंनी पुस्तक एका पारदर्शक पिशवीत घालून तोंडावर लाख ओतली होती आणि त्यावर शिक्का दाबत होते.

“मुद्देमाल आहे, बाई,” ते म्हणाले. “सील झाला.”

चौकशी सोमवारी सुरू झाली. दादाभाऊंचा पहिला सिद्धांत असा की बाई दिवसभर द्राक्षांत राबते, तिच्या डोक्यात भुरी बसलेली, ती कादंबरीत सांडली. खात्री करायला आम्ही त्यांच्या बागेत गेलो. दादाभाऊंनी भिंगातून चाळीसेक पानं तपासली. आजूबाजूच्या बागा पिठात लोळल्यासारख्या पांढऱ्या झाल्या होत्या. बायडाबाईंच्या वेलींवर डाग नव्हता.

“बघितलंस?” दादाभाऊ माझ्या कानात म्हणाले. “पुरावे नष्ट केले.”

“पुस्तकात दिलंय तसं फवारलं,” बायडाबाई म्हणाल्या. “लिटरला दोन ग्रॅम, ऊन तापायच्या आत. लई फरक पडला.”

“कोणतं पुस्तक?”

“त्येच. तुमच्या काखेत हाय ते. उघडून बघा की, भाऊ.”

“लिही, रविंद्र. आरोपी मुद्देमालाशी छेडछाड व्हावी असा वारंवार आग्रह धरते.”

मी लिहिलं. मग आम्ही आरोपीच्या हातचा चहा प्यायलो.

दुसरा सिद्धांत साथीदाराचा. बायडाबाईंची नात अमृता अकरावीत शिकते. तीच पुस्तकं वाचून आजीला पढवत असणार. दादाभाऊंनी अंगणात तिची अर्धा तास उलटतपासणी घेतली. “आजीच मला वाचून दाखवते,” अमृता म्हणाली. “मी नको म्हटलं तरी. सुमनचं तर मला तीनदा ऐकावं लागलं.” दादाभाऊंनी नोंद केली की साथीदार कसलेली आहे.

तिसरा सिद्धांत दोन तालुक्यांना पुरेल एवढा मोठा होता. अवसरी बुद्रुकच्या वाचकांनी आपलं आव्हान तीस पुस्तकांचं ठेवलं होतं. आमचं मंडळ बदनाम व्हावं म्हणून त्यांनी बाईला फितवलं आणि भुरी हा त्यांच्यातला सांकेतिक शब्द आहे, असं दादाभाऊंना गुरुवारी सकाळी दाढी करताना उमगलं. गाडी माझी, पेट्रोल माझं, मागे दादाभाऊ आणि त्यांच्या मांडीवर मुद्देमाल, असे आम्ही अवसरीला गेलो. तिथल्या मंडळाचे प्रमुख कुंडलिकराव कांद्याच्या वाफ्यात पाणी धरत होते.

“भुरी म्हणजे काय ते सांगा,” दादाभाऊ गरजले.

“वेलीवर पडती ती,” कुंडलिकराव म्हणाले. “का वो?”

“बिथरला,” दादाभाऊ मला म्हणाले.

“पावणं, आमचं आमाला झेपंना राव, तुमच्या बाईला कुठं फितवू? तीसवरनं आमी कवाच बारावर आलोय. पुस्तक कोणतं म्हणालात?” दादाभाऊंनी पिशवी वर धरली. कुंडलिकरावांचा चेहरा उजळला. “आरं, हे! आमच्यातबी लई गाजलंय हे. पान शंभरच्या पुढं तर खाली ठेववत नाय!”

“तुम्ही वाचलंत?” मी विचारलं.

“शिफारस वाचली की. तुमच्याच गावची हाय. फिरत फिरत आली.” त्यांनी फोन माझ्यापुढे धरला. माझंच वाक्य, उद्गारचिन्हासकट. मी कांद्याकडे बघत राहिलो.

परतताना वाटलं, गाडी थांबवावी आणि म्हणावं, “दादाभाऊ, तोडा ती लाख.” खरं सांगतो, मी म्हणालो नाही. भुरी निघाली नाही तर बाईचं कार्ड जाणार होतं. निघाली तर शंभरच्या पुढे मला नेमकं काय खाली ठेववत नव्हतं, हे सभेत सांगावं लागणार होतं. मी माझी अब्रू वाचवली आणि बाईचं कार्ड पणाला लावलं.

रविवारी हॉल भरला. दादाभाऊ चाळीस मिनिटं बोलले. शेवटी त्यांनी पिशवी दोन्ही तळव्यांवर तोलली आणि डोळे मिटले. “एकतीस वर्षांच्या अनुभवानं सांगतो, आत भुरी नाही. विरह आहे. वजनावरून कळतं.”

टाळ्या पडल्या. बाळासाहेब फडकं घेऊन तक्त्याकडे गेले. बायडाबाईंनी पिशवीतून कार्ड काढलं. प्लास्टिकच्या कव्हरात जपलेलं, कोपरे न मुडपलेलं. त्यांनी ते टेबलावर ठेवलं, पण वरचं बोट काही उचललं नाही.

“माफ करा,” दारातून आवाज आला. “भुरी कितव्या पानावर म्हणालात?”

जुन्नरचे सलीमभाई बाइंडर होते. वाचनालयाची फाटकी पुस्तकं तेच बांधून देतात. नव्या बांधणीचा गठ्ठा द्यायला आले होते.

“सत्त्याण्णव,” बायडाबाई म्हणाल्या.

“ते एकशे बारा?”

“व्हय.”

“या अल्ला,” सलीमभाई म्हणाले. “चार वर्षं शोधतोय मी.” गठ्ठा खाली ठेवून ते सरळ टेबलापाशी आले आणि खिशातल्या कटरने त्यांनी पिशवी कापली.

“मुद्देमाल!” दादाभाऊ किंचाळले.

“बांधणी माझी हाय, भाऊ,” सलीमभाई म्हणाले आणि त्यांनी पुस्तक उघडलं.

पान शहाण्णववर सुमन पिशवी घेऊन दाराशी आली होती. समोर मोठ्या अक्षरांत छापलं होतं, ‘द्राक्षावरील भुरी: ओळख व उपाय’. सोबत पानाचं चित्र.

“सोळा पानांची येक घडी असती, तिला आमी फर्मा म्हणतो,” सलीमभाई सांगू लागले. “तुमची जुनी पुस्तकं आन् द्राक्षवाल्यांच्या पुस्तिका येकाच टायमाला आल्या व्हत्या. साइज सेम. येक फर्मा हिकडचा तिकडं झाला. द्राक्षवाले दुसऱ्याच दिवशी आले, राव! म्हणले, गंधकाच्या जागी कुणी सुमन एसटीत बसून रडतीय. मग मी बाळासाहेबांस्नी फोन केला, म्हणलं तुमच्यात कुठं भुरी आलीय का बघा. तर हे म्हणले, आमचे वाचक चोखंदळ हायेत, असलं काय त्यांच्या नजरंतून सुटायचं न्हाई.”

सतरा चोखंदळ वाचक छताच्या पंख्याकडे बघू लागले. पंखा बंद होता.

सगळ्यांत आधी सावरले ते बाळासाहेब. “प्रतीक म्हणून पाहिलं तर,” ते म्हणाले, “भुरी ही नात्यांवर चढणारी...” दोघांनी मानही डोलावली.

बायडाबाईंनी कार्ड उचलून पिशवीत टाकलं आणि त्या माझ्याकडे वळल्या. “भाऊ, शंभरच्या पुढं खाली ठेववत नाय, आसं तुमी लिवलं व्हतं ना? कल्याणीताईंनी मला वाचून दाखवलं व्हतं. म्हणून ती सोळा पानं मी तीनदा वाचली. म्हणलं, येवढ्या शिकलेल्या मानसाला त्यात कायतरी दिसलं आसंल, मलाच उमगंना. सवय न्हाई ना मला.”

त्यांनी टोमणा मारला असता तर बरं झालं असतं. पण त्या मनापासून बोलत होत्या, आणि मला इतकी लाज वाटली की तेवढी जन्मात कधी वाटली नव्हती.

कल्याणीताईंनी तक्त्यावर चोविसावी खूण केली. इतर सतरा खुणांचं काय करायचं हा विषय वेळेअभावी पुढच्या सभेवर ढकलण्यात आला. दादाभाऊंनी जाहीर केलं की गुन्ह्याची जागा पुस्तकाच्या आतच आहे हे त्यांना पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं, म्हणूनच तर त्यांनी पुस्तक सील केलं. मग त्यांनी कापलेल्या रिकाम्या पिशवीवर पुन्हा लाख ओतली.

सलीमभाईंनी नंतर हरवलेला फर्मा आणून बांधला. भुरीची पानं मात्र बायडाबाईंनी काढू दिली नाहीत. पंचवीस पुस्तकं निवडायचा मान त्यांचा, त्यामुळे त्यांच्यापुढे बाळासाहेबांचं काही चाललं नाही. पुस्तक आता तीनशे अठ्ठावीस पानांचं झालं आहे.

जानेवारीत मी ते रीतसर नावावर घेतलं. कप नाही, फोटो नाही. पान शहाण्णवपर्यंत पोचायला मला एकोणीस दिवस लागले आणि त्यातले सतरा दिवस मी बाळासाहेबांना शिव्या घालत होतो. पुढचं पान उलटलं तर आत एक चिठ्ठी होती, वहीच्या कागदावर, मोठ्या, सुट्या सुट्या अक्षरांत.

“रविंद्रभाऊ, हितवर आला आसाल तर पुस्तक खाली ठेवा. च्या घ्या. पुढं सुमन नुसती रडती. भुरीचं मात्र वाचा.”

खाली हिरव्या पेनाने बरोबरची एक खूण केलेली होती.