निळ्या फोटोतलं कोपर

एकट्या माणसाने फार विचार करू नये, असं माझं मत आहे. हे मत मी एकटा असताना विचार करूनच बनवलंय, तेव्हा त्याला किती किंमत द्यायची ते तुम्हीच ठरवा.

झालं असं, की बायकोला बढती मिळाली. ती पाणी तपासण्याच्या प्रयोगशाळेत आहे. ठिकठिकाणचं पाणी बाटल्यांतून येतं आणि ते चांगलं की वाईट हे ती यंत्रात घालून सांगते. (माझ्याबाबतीत यंत्राचीही गरज पडत नाही.) बढतीबरोबर बदली आली, ती बसने दहा तास लागतील इतक्या लांबची. सुरुवातीला सहा महिन्यांसाठी, मग पुढचं बघू. तिला बसमध्ये बसवताना मी म्हणालो, "माझी काळजी करू नकोस, मी मजेत राहीन." हे मी बस सुटायच्या आधी चार वेळा म्हणालो आणि सुटल्यावर एकदा. मग घरी आलो, सवयीने दोन कप चहा केला आणि दोन्ही मीच प्यायलो.

सहाचे सात महिने झाले. रोज रात्री आठला तिचा फोन यायचा. "जेवलात?" "मजेत." "नळ दुरुस्त झाला?" "मजेत." असं आमचं चालायचं. खरं सांगू का? मजेत वगैरे काही नव्हतो. ऑफिसात मी रेकॉर्ड रूममध्ये, म्हणजे तिथेही जुन्या फायलींशिवाय बोलायला कोणी नाही. घरी आलं की दाराची कडी आपणच काढायची, आपणच लावायची. दोन खोल्यांपैकी एक मी वापरणंच सोडलं होतं. फ्रिजमध्ये तिने जाताना ठेवलेला एक डबा होता, त्यावर तिच्या अक्षरात चिठ्ठी होती, 'सोमवारपर्यंत संपवणे'. डबा मी सोमवारीच संपवला, धुतला, पण चिठ्ठी काही काढवेना. म्हणून रिकामा डबा पुन्हा फ्रिजमध्ये ठेवला. सात महिने तो तिथेच गार होत होता.

अशात एका शुक्रवारी ती फोनवर म्हणाली, "कायमचं पोस्टिंग देतायत. बुधवारपर्यंत लेखी कळवायचंय. काय करू?"

"हो म्हण," मी म्हणालो.

"आणि तुम्ही?"

"मी मजेत."

ती म्हणाली, "अहो, नुसतं तोंडाने नका सांगू. खरंच बरं चाललं असेल तर मी हो लिहीन. नाहीतर सरळ परत येते."

परत ये, हे दोन शब्द माझ्या अगदी ओठांवर आले होते. पण सव्वीस वर्षं बाटल्या हलवून तिला ती खुर्ची मिळाली होती, आणि नवऱ्याला एकट्याला करमत नाही म्हणून ती सोडायची? माझ्याच्याने ते बोलवेना. म्हणून मी ठरवलं, की आपण मजेत असल्याचा पुरावा द्यायचा. रेकॉर्ड रूमचा माणूस दुसरं काय देणार! फोटो काढायचे. हसताना, पेपर वाचताना, चहा पिताना. फोनवर काढले असते, पण फोनच्या फोटोत मी कायम नुकताच जामिनावर सुटल्यासारखा दिसतो.

तिच्या कपाटात सासऱ्यांचा कॅमेरा होता. एकावर एक दोन डोळे असलेला, जाडजूड, पोटाशी धरून वरून खाली बघायचा. लग्नानंतर सासऱ्यांनी मला तो पाऊण तास समजावून सांगितला होता आणि मी पाऊण तास "हो, हो" म्हणत होतो. सासऱ्यांसमोर जावई दुसरं काही म्हणत नाही. शेवटी ते म्हणाले होते, "आणि सगळ्यात महत्त्वाचं लक्षात ठेवा हं." काय ते मात्र माझ्या लक्षात नव्हतं.

रोल घ्यायला स्टुडिओवाल्या काकांकडे गेलो. कॅमेरा बघून त्यांचा चेहरा असा उजळला, की त्यांच्याकडे बऱ्याच दिवसांत कोणी आलं नसावं. (एकटा माणूस दुसऱ्या एकट्याला लगेच ओळखतो.)

"याचा रोल हल्ली दुकानात मिळत नाही," काका म्हणाले, "पण एक आहे माझ्याकडे. सिनेमाच्या रुंद फिल्ममधून मी स्वतः कापलाय आणि जुन्या कागदात गुंडाळलाय. बारा फोटो येतील. पण दोन गोष्टी आहेत. एक, ही फिल्म बल्बसाठी आहे, जुन्या पिवळ्या बल्बच्या उजेडासाठी. दिवसाउजेडी काढलंत तर सगळं निळं येईल. काढायचंच असेल तर भिंगावर ही नारिंगी काच लावा."

"हो, हो," मी म्हणालो.

"दोन, हिच्या पाठीला काळा लेप असतो. तो माझ्या रसायनात गेला तर रसायन बाद. मागे एकदा माझ्या मोरीतून आठवडाभर काळं पाणी येत होतं. तेव्हा तो तुम्ही घरी धुऊन आणा. मिट्ट अंधारात फिल्म या डब्यात भरा, झाकण लावा, मग कोमट पाण्यात खायचा सोडा घालून आत ओता, हलवा, काळं पाणी टाकून द्या. जमेल?"

"हो, हो," मी म्हणालो. नारिंगी काच खिशात घातली. ती अजून त्याच पँटच्या खिशात आहे.

रविवारी दुपारी कामाला लागलो. आमच्या जेवणाच्या टेबलाला दोन खुर्च्या आहेत, अगदी सारख्या. डावीकडची, भिंतीजवळची माझी. उजवीकडची, खिडकीजवळची तिची. मी विचार केला, फोटोत तिची रिकामी खुर्ची दिसली तर तिला वाईट वाटेल, आणि मग ती नाही लिहील. तेव्हा काही झालं तरी ती खुर्ची फोटोत येता कामा नये. कॅमेरा स्टुलावर ठेवला, वरून काचेत बघितलं आणि फिरवत फिरवत डावीकडची खुर्ची बरोबर आत घेतली, उजवीकडची बाहेर काढली. काचेत खिडकी डावीकडे कशी आली, असं क्षणभर मनात आलं होतं. पण इतक्या जुन्या कॅमेऱ्याला आपण काय विचारणार!

कॅमेऱ्याला एक छोटी कळ होती. ती ओढली, की खर्रर्र करत दहा सेकंदांनी फोटो निघायचा. मी कळ ओढून पळत जाऊन डाव्या खुर्चीत बसायचो, डावं कोपर टेबलावर टेकायचो आणि मोकळेपणाने हसायचो. अकरा फोटोंत चार शर्ट बदलले. चौथा अर्ध्या बाहीचा होता, म्हणजे घरात मोकळं वातावरण आहे असं वाटावं. समोर कोणी नसताना अकरा वेळा हसून बघा एकदा. सातव्या वेळेपासून माझ्या डोळ्यांत पाणी यायला लागलं. पण फोटोत ते हसण्याने आलंय असंच वाटेल, अशी मी समजूत घातली.

अकरा झाल्यावर एकदम आठवलं, की पिवळा बल्ब! दिवसाउजेडी निळं! आता शेवटचा एक फोटो उरला होता. पण घरातले सगळे पिवळे बल्ब मीच पाच वर्षांपूर्वी काढून पांढरे लावले होते. (ऑफिसात वीज बचतीचं परिपत्रक आलं होतं. ते घरासाठी नव्हतं, पण मी परिपत्रकाच्या बाबतीत हळवा आहे.) घरभर शोधलं. शेवटी पिवळा बल्ब सापडला तो फ्रिजमध्ये. मग पडदे लावून घेतले, फ्रिज सताड उघडला, समोर कॅमेरा मांडला आणि कळ ओढून फ्रिजच्या डाव्या अंगाला हसत उभा राहिलो.

संध्याकाळी धुलाई. बाथरूमच्या दाराच्या फटीत टॉवेल कोंबले, फोन बाहेर ठेवला, दिवा बंद केला. अंधारात ती फिल्म चाचपडत चक्रीवर गुंडाळणं म्हणजे काय असतं, विचारू नका. ती सुटायची, मी धरायचो, ती पुन्हा सुटायची. त्यात किती वेळ गेला मला कळलं नाही. बाहेर फोन वाजायला लागला तेव्हा कळलं, की आठ वाजले. वाजून वाजून बंद पडला. पुन्हा वाजला. असा चौदा वेळा वाजला. मग बाहेरच्या दाराची किल्ली फिरली. (एक किल्ली बायकोने शेजारच्या वहिनींकडे ठेवलीय, माझ्या भरवशावर राहू नये म्हणून.)

"भाऊजी! अहो भाऊजी, कुठे आहात?" वहिनींचा आवाज आला. "ती कधीची फोन करतेय!"

"बाथरूममध्ये आहे!"

"दार उघडा आधी!"

"उघडता येणार नाही!"

"अंधारात काय करताय? दिवा लावा!"

"दिवा लावला तर सगळं संपेल!"

मग वहिनी फार गोड आवाजात म्हणाल्या, "भाऊजी, असं बोलू नये. प्रत्येकाच्या आयुष्यात अंधार असतो. हळूहळू उजाडतं."

"उजाडूच द्यायचं नाहीये मला!" मी ओरडलो. "अजून मागचं सगळं काळं धुवायचंय!"

"अगं बाई! मागचं काळं? भाऊजी, काय केलंत तुम्ही?"

तेवढ्यात झाकण बसलं. फिल्म डब्यात सुखरूप गेली. मी दार उघडलं, हसतमुखाने म्हणालो, "या वहिनी, आता काय हवं ते बघा," आणि सोड्याचं पाणी आत ओतून, हलवून, बादलीत उलटं केलं. गटारासारखं काळंकुट्ट पाणी बदाबदा आलं. हात, शर्ट, तिने कपाटात जपून ठेवलेला पांढरा टॉवेल, सगळं काळं. वहिनींनी मला कोपरापासून हात जोडले आणि जाऊन माझ्या बायकोला फोन केला. काय सांगितलं ते मला माहीत नाही. मी नंतर फोन केला तेव्हा बायकोने विचारलं, "काय चाललंय?" मी म्हणालो, "मजेत." तिने फोन ठेवून दिला.

सोमवारी ऑफिसला दांडी मारून डबा छातीशी धरून काकांकडे गेलो. दुपारपर्यंत तिथेच बाकावर बसलो. काकांनी बारा फोटो दोरीवर लावले आणि चष्मा कपाळावर सरकवला.

"फोटो तुमचे म्हणालात ना?"

"माझेच."

"मग तुम्ही कुठे आहात?"

मी जवळ जाऊन बघितलं. अकराही फोटो निळे होते, पहाटे कोणी उठायच्या आधी घर दिसतं तसे. आणि अकराही फोटोंत तिची खुर्ची होती. खिडकीजवळची, रिकामी, अगदी मधोमध. मी जी लपवायला निघालो होतो, नेमकी तीच. डाव्या कडेला टेबलावर एक कोपर होतं. पहिल्या तीन फोटोंत चौकड्यांच्या बाहीतलं, मग पट्ट्यांच्या, मग पांढऱ्या, आणि शेवटच्या दोन फोटोंत उघडं, लहानपणी सायकलवरून पडल्याच्या खुणेसकट.

"या कॅमेऱ्यात डावं ते उजवं दिसतं," काका हळूच म्हणाले. "कोणी सांगितलं नाही तुम्हाला?"

सासऱ्यांची सगळ्यात महत्त्वाची गोष्ट मला तेव्हा आठवली.

बाराव्या फोटोत तर कोपरही नव्हतं. तो एकटाच खऱ्या रंगात आला होता, छान उबदार. त्यात अर्धं लिंबू होतं, एक झाकलेली वाटी होती आणि 'सोमवारपर्यंत संपवणे' लिहिलेला डबा होता.

हे फोटो पाठवायचे नाहीत, फाडून टाकायचे, असं ठरवून मी संध्याकाळी घरी आलो. दाराबाहेर पायरीवर बायको बसली होती. सकाळची पहिली बस धरून आली होती. माझ्याकडे वरपासून खालपर्यंत बघून तिने पाणी तपासल्यासारखं तपासलं. नखांत अजून काळं होतं.

"ते काय आहे हातात?" तिने विचारलं.

"काही नाही. मजेत."

तिने पाकीट काढून घेतलं. आत येऊन तिच्या खुर्चीत बसून एकेक फोटो बघितला. मला वाटलं हसेल. हसली नाही. फ्रिजच्या फोटोशी फार वेळ थांबली. मग उठून फ्रिज उघडला, डबा काढला, झाकण उघडून आत बघितलं आणि झाकण पुन्हा लावलं.

"रिकामा आहे," ती म्हणाली.

"चिठ्ठी टाकवली नाही," मी म्हणालो. सात महिन्यांत तिच्याशी बोललेलं ते माझं पहिलं खरं वाक्य असावं. मग बाकीचंही बाहेर पडलं. करमत नाही, चहा अजून दोन कप होतो, तुला हो म्हणायला लावायचं होतं म्हणून हा सगळा घोळ घातला.

तिने डोळे पुसले. (काळ्या टॉवेलने. त्यावर आणखी पाच मिनिटं बोलली.) मग म्हणाली, "मी हो लिहिणार आहे."

"लिहीच," मी म्हणालो.

"साठवलेली रजा किती आहे तुमची?"

"दोनशे बारा दिवस."

"ती काय रेकॉर्ड रूममध्ये ठेवायचीय? सात महिन्यांत एकदा तरी बसमध्ये बसावं असं नाही वाटलं तुम्हाला? मी तिकडे दर शनिवारी स्टँडच्या बाजूने चालत घरी जाते. उगाचच."

मला वाटत होतं, तिने बोलावल्यावर जावं. इतकं साधं गाढवपण सात महिने पुरलं होतं.

मंगळवारी ती परत गेली, जाताना एक फोटो घेऊन. टेबलावर ठेवते म्हणाली. मी म्हणालो, ठेव. घरी येऊन चहा एकच कप केला आणि रजेचा अर्ज लिहायला घेतला.

दोन आठवड्यांनी दहा तास बसमध्ये बसून तिच्या प्रयोगशाळेच्या फाटकाशी पोहोचलो. हातात पिशवी, अंगात नवा पूर्ण बाहीचा शर्ट. वॉचमनने अडवलं.

"कोण पाहिजे?"

"मॅडम. मी त्यांचा नवरा."

त्याने मला नीट न्याहाळलं. "मॅडमच्या साहेबांचा फोटो आहे त्यांच्या टेबलावर," तो म्हणाला. "रोज बघतो मी. तुम्ही ते वाटत नाही."

दहा तास उपाशी माणूस किती वाद घालणार? मी पिशवी खाली ठेवली, बटण काढलं, बाही वर सारली आणि कोपर त्याच्यासमोर धरलं.

तो वाकला, निरखून बघितलं आणि मान हलवली.

"हे नव्हे," तो म्हणाला. "डावं दाखवा."