वाघिणीशी बोलणारे नाना

माझे थोरले दीर, दोंडाईच्याचे नाना, माझ्याशी कधी बोलत नसत. मला जे सुनवायचं, ते आमच्या भिंतीवरच्या वाघिणीला सुनवत.

बाळांनो, जेठाने धाकट्या भावजयीशी तोंडावर बोलू नये, ही तेव्हाची रीत. त्यावर असा तोडगा फक्त नानांनाच सुचला असता.

चित्र छापील, पण सुरेख होतं. पाण्यावर वाकलेली वाघीण. माझे सासरे फॉरेस्टात होते. बदलून जाणाऱ्या एका साहेबाने त्यांना अशी दोन चित्रं दिली होती. आईवडील गेल्यावर दोघा भावांनी चिठ्ठ्या टाकल्या. नानांना सांबर आलं, आम्हाला वाघीण. हा निकाल नानांनी कधी मानला नाही. दर दोन महिन्यांनी पॅसेंजरने जळगावला यायचे आणि चपला काढायच्या आधी चित्रासमोर उभे राहायचे.

"कशी शे माय? उन्ह लागी राह्यनं ना तुले? अठे बठ्ठा शिकेल लोके शेतस, पडदा लावाले कोन्हाले टाईम नही!"

मी स्वयंपाकघरातून ह्यांना म्हणायची, "सांगा वाघिणीला, पडदा धुवायला टाकलाय." असा संताप व्हायचा! मी बी.ए. झालेली, माझ्या घरात झाऱ्यालासुद्धा ठरलेला खिळा, आणि माझी झाडाझडती एका जनावरापुढे!

नानांचा हुकूम एकच. "हिले हात नही लावानं."

पंच्याऐंशीच्या सुमाराला एका पाडव्याच्या सकाळी मी तो मोडला. काचेवर, वाघिणीच्या कपाळापाशी, एक काळपट तांबडा चिकट डाग होता. पाहुणे विचारायचे, "हिला गोळी लागलीय का हो?" मी सोड्याचं कढत पाणी घेतलं आणि काच घासून लख्ख केली.

दुपारच्या गाडीने नाना आले. वाघिणीसमोर उभे राहिले, पण बोलेनात. मी उत्तर तयार ठेवून वाट बघत होते. मग ते ह्यांच्यावर ओरडले, "कोनी पुसं?"

"अहो, डाग होता तो," मीच म्हणाले.

"डाग? मन्ही मायनं बोट व्हतं ते! दर दिवाळीमा वाघबारसले हिले कुंकू लावे ती. आधी मेण, वरतून कुंकू. तिनी आखरीनी वाघबारसनं व्हतं ते!"

मी ह्यांच्याकडे बघितलं. ह्यांना माहीत होतं! मी सोडा कालवत होते तेव्हा समोर पेपर वाचत बसले होते, आणि तोंडातून एक शब्द काढला नव्हता. नानांचा राग मला समजला. तुमच्या आजोबांना मात्र मी आजही माफ केलेलं नाही.

नाना माझ्याकडे वळले. सरळ माझ्याकडे.

"पुसं ते फडकं कोठे शे, पोरी?"

"धुतलं," मी म्हणाले. "तेव्हाच. उकळून."

ते मागच्या अंगणात गेले. दोरीवर चार फडकी वाळत होती, चारही पांढरीशुभ्र. नाना एकेक हातात घेऊन उजेडात धरून बघत होते.