मागच्या दाराचं रबर

गणिताच्या सरांची गाडी जुनी होती, पण त्यांचा जीव तिच्यात नव्यासारखा अडकलेला होता. मागच्या दारांच्या कडेची रबरं कोरडी पडून कुरकुरू लागली, तेव्हा सरांना जेवण गोड लागेना. त्यातच सासूबाईंना मोतीबिंदूच्या ऑपरेशनला न्यायचं होतं, आणि गाडीबद्दल त्या एक वाक्य बोलल्या असत्या तरी ते सरांना वर्षभर पुरलं असतं.

गाडीच्या सामानाच्या दुकानात दुकानदाराने काउंटरवर बाटल्या, डबे, ट्यूब मांडल्या आणि विचारलं, ‘‘रबर मऊ हवं की चकचकीत?’’

सरांना दोन्ही हवं होतं. त्यांनी मेहुण्याला फोन लावला. तो म्हणाला, सिलिकॉनचा स्प्रे मारा, बाकी कशाला हात लावू नका. शेजारच्या दातांच्या डॉक्टरांचं म्हणणं, स्प्रे उडून जातो, क्रीमच चोपडा. दिवसभर हिरड्या पाहणाऱ्या माणसाला रबरातलं कळणारच, असं सरांना वाटलं. त्यांनी दोन्ही घेतलं.

प्रश्न दोनदा वाचा म्हणून मुलांच्या कानीकपाळी ओरडणाऱ्या सरांनी डब्यावरच्या सूचना एकदाही वाचल्या नाहीत. आधी स्प्रे मारला, त्यावर सढळ हाताने क्रीम थापलं आणि समाधानाने दारं लावून टाकली.

सकाळी मागचं दार उघडताना मलमपट्टी ओढून काढल्यासारखा आवाज झाला. सासूबाई मुकाट्याने आत बसल्या. सरांनी कंबरेने ढकलून दार लावलं. वाटेत ऊन चढलं, रबर तापलं आणि इस्पितळाच्या दारात गाडी थांबली तेव्हा मागचं एकही दार हलेना.

सरांनी डावीकडून ओढलं, बायकोने उजवीकडून. पहारेकरी मदतीला आला, त्याच्या मागून चाकाची खुर्ची घेऊन वॉर्डबॉय आला. पुढच्या सीटवरून बाहेर यायला सासूबाईंचे गुडघे तयार नव्हते. पेशंट कुठे आहे हे बघायला आलेल्या नर्सने शेवटी खिडकीची काच खाली करायला लावली आणि तिथूनच त्यांच्या डोळ्यांत थेंब घातले.

सरांनी दुकानदाराला फोन केला. त्याने शांतपणे विचारलं, ‘‘लावल्यावर पुसून, वाळेपर्यंत दार उघडं ठेवलं होतं ना?’’

सरांनी फोन ठेवला.

‘‘काय म्हणाला?’’ बायकोने विचारलं.

‘‘माल चांगला आहे म्हणाला.’’

‘‘तो दिसतोच आहे. अहो, माझी आई चिकटवून ठेवलीत तुम्ही.’’

सरांच्या कपाळावरून घाम ओघळला. त्यांनी एक पाय गाडीला टेकवला, पहारेकऱ्याने त्यांची कंबर धरली आणि दोघांनी मिळून असा हिसका दिला की दार उघडलं आणि सर पहारेकऱ्याच्या मांडीवर बसले.

इतका वेळ एक अक्षर न बोललेल्या सासूबाईंनी समोर पाहिलं. वॉर्डबॉयने खुर्ची पुढे सरकवली होती. नर्सच्या हातात हिरवा अंगरखा होता. सासूबाईंनी हात लांब केला आणि होता नव्हता तेवढा जोर लावून दार आत ओढून घेतलं. ते पुन्हा घट्ट बसलं.

मग खिडकीतून त्यांचा आवाज आला. इतक्या मायेने त्या जावयाशी आजवर बोलल्या नव्हत्या.

‘‘जावईबापू, दमला असाल. बसा जरा. दाराची काही घाई नाही.’’