वसमतच्या हळदीचा तपास

"या शहराला बावन्न दरवाजे हायेत, मोनिका. पण गुन्हेगाराला निसटायला माझ्यासमोर एक बी दार उघडं नाय."

हे वाक्य शिवशंकररावांनी पुंडलिकनगरातल्या आपल्या स्वयंपाकघरात, पापड भाजायची जाळी भिंगासारखी डोळ्यासमोर धरून म्हटलं. मोनिका त्यांची सून. तिला ती जाळी हवी होती, कारण गॅसवर तवा तापला होता आणि ताटं वाढायची वेळ झाली होती. पण सासरे तपासात असले की घरातली कुठलीही वस्तू पुरावा ठरू शकते, हे लग्नाला वर्ष व्हायच्या आतच तिला कळून चुकलं होतं.

"माझी नजर म्हंजे एक्स-रे," मामा पुढं म्हणाले. सासऱ्यांना ती मामा म्हणायची आणि सासूला मामी. "कारखान्याच्या गेटवर उभी हयात घालवली. कामगारांचा डबा उघडायच्या आधी वासावरून सांगायचो, आत भाजी काय, घरात भांडण किती. एकदा तर शेपूच्या भाजीखालून लोखंडी पार्ट काढला, पार्ट! सायेब थक्क!"

तो पार्ट म्हणजे त्या बिचाऱ्याच्या डब्याचीच निखळलेली कडी होती, असं आदिनाथनं, म्हणजे मोनिकाच्या नवऱ्यानं, तिला केव्हाच सांगून टाकलं होतं. तिनं मान डोलावली आणि पापड चिमट्यानं थेट गॅसवर धरला.

प्रकरण हळदीचं होतं.

आता ते स्वयंपाकघर कसं होतं ते सांगायला हवं, नाहीतर काहीच कळायचं नाही. एकानं कणीक मळायला घेतली की दुसऱ्यानं फ्रिज उघडायचा नाही, इतकी जागा. ओट्याखाली सिलेंडर, म्हणून खण नाहीत. सासूबाईंचा, सत्यशीलाबाईंचा, मसाल्याचा गोल स्टीलचा डबा ओट्यावर ठेवला की चपाती लाटायला पोळपाट मांडीवर घ्यावा लागायचा. गॅसच्या वर फळी ठोकावी तर कुकरच्या वाफेनं तिखट-मसाल्याचे गोळे होणार. खिडकीत ठेवावं तर उन्हानं रंग उडणार. मोनिकानं आठवडाभर भिंती निरखल्या, वितीनं मोजल्या आणि एक जागा शोधली. देवघराच्या उजव्या हाताला कोरडी, सावलीची, हात लांबवला की पोचेल अशी भिंत होती. औरंगपुऱ्यातून तिनं काचेच्या बरण्यांची फळी आणली, आदिनाथनं स्क्रू मारले, आणि या घरात एक भिंत तरी आपली झाली असं मोनिकाला पहिल्यांदा वाटलं.

सत्यशीलाबाईंना मात्र ती फळी काही पचली नाही. "दुकान मांडलंय व्हय घरात?" एवढंच म्हणाल्या, आपला गोल डबा रिकामा करून दिला आणि त्या दिवसापासून मसाल्याला हात लावणं बंद केलं. कढईपाशी उभ्या राहून हुकूम सोडायच्या, "हळद टाक. तिखट टाक. आता तुझं तूच बघ, मला त्यातलं काय बी उमगत नाय."

तर हळद. ही काही दुकानातली हळद नव्हती. सत्यशीलाबाईंचं माहेर वसमतचं, तिथं भावाची हळदीची शेती. दरवर्षी भाऊ वर्षभराची हळद दळून पाठवायचा आणि ती माळ्यावरच्या मोठ्या डब्यात राहायची. गुढीपाडव्यापर्यंत कधी तोटा नाही. यंदा मार्गशीर्षातच, चंपाषष्ठी होऊन चार दिवस होत नाहीत तोवर, मोनिकाच्या हाताला डब्याचा तळ लागला. तिनं सरळपणे सांगून टाकलं, "मामी, हळद संपत आलीय."

सत्यशीलाबाई निवडत होत्या त्या मेथीकडेच बघत म्हणाल्या, "माहेरी पाठवली असंल. पाठीव बाई, माझ्या भावाची हळद लई भारी असती."

बोलणं अगदी हसत. पण ते मोनिकाच्या जिव्हारी लागलं. चोर म्हणाल्या असत्या तर भांडता तरी आलं असतं. हसून बोललेल्या बाईशी भांडायचं कसं? आणि वर मामींनी मुदतच दिली, "रविवारी वन्सं येणार हायेत दौलताबादवरनं. तवर हळद कुठं गेली ते कळलं तर बरं. नायतर ती फळी खाली आन् माझा डबा वर."

अशा रीतीनं हे प्रकरण शिवशंकरमामांच्या हाती आलं, आणि मोनिकाला न विचारता तिची सहायक म्हणून नेमणूक झाली.

पहिला संशय शेजारच्या निशावहिनींवर गेला. त्यांच्या ओढणीवर मामांना पिवळा डाग दिसला होता. मामा वेश बदलून, म्हणजे मफलर उलटा गुंडाळून, विरजण मागायला गेले. परतले ते वाटीभर विरजण घेऊन आणि खुशीत. "निर्दोष हाय. डाग वरणाचा हाय. तिनंच सांगितलं."

"पण तुम्ही विचारलंत कसं, मामा?"

"सरळ! म्हणलं, आमच्या घरची हळद चोरीला गेलीय, तुमच्यावर वहीम हाय, काय म्हणणं हाय तुमचं?"

संध्याकाळी निशावहिनी दारात हजर. "तुमच्याकडं हळद नाय म्हणं? देऊ का वाटीभर?" सत्यशीलाबाईंचा चेहरा असा झाला की मोनिकाला धरणी पोटात घेईल तर बरं वाटलं असतं.

दुसरा संशय थेट सातासमुद्रापार गेला. "परदेशी लोक आजकाल हळदीचं दूध पितात," मामा दबक्या आवाजात म्हणाले. "दौलताबादचा किल्ला बघायला येतात ना, ते किल्ला बघायला येतच नायेत. क्या समझे?"

"मग ते आपल्या माळ्यावर कसे चढले?"

"तोच तर तपास हाय."

तिसरा सिद्धांत असा की हळद हवेत उडून जाते, अत्तर उडतं तशी. त्यासाठी त्यांनी डब्याचं झाकण उघडं टाकून समोर खुर्ची मांडली आणि हळद उडताना बघत बसले. हळद जागची हलली नाही. मामा मात्र घोरायला लागले.

"मामा, फळीवरची बरणी बघा ना एकदा," मोनिका म्हणाली. "मी भरते आन् दोन दिवसांत ती परत अर्धी होते. आधी वाटलं, पाव्हण्यांचा स्वयंपाक होता म्हणून. पण पाव्हणे तर गेले."

"बरणी!" मामांनी कीव आल्यासारखं बघितलं. "बरणी हा मुखवटा हाय, पोरी. चोरी डब्यातनं झालीय. बडा गुन्हा बड्या डब्यात."

आणि त्यांनी सापळा लावला. माळ्यावरच्या डब्याला काळा दोरा बांधला, असा की झाकण उचललं तर तुटलाच पाहिजे. दुसऱ्या दिवशी सकाळी घरभर आरोळी घुमली, "तुटला! दोरा तुटला! चोर रातच्याला घरात व्हता!"

"मामा, मी तोडला," मोनिका म्हणाली. "रात्री तुम्हालाच पिठलं खायचं होतं. बरणी परत रिकामी, मग हळद आणायची कुठनं?"

मामांनी तिच्याकडं पापडाच्या जाळीतून बराच वेळ बघितलं. मग मोठ्या मनानं म्हणाले, "तूर्तास तुझ्यावर संशय नाय. पण शहर सोडून जाऊ नको."

हसावं की रडावं कळेना. गंमत म्हणून बोलले हे तिला कळत होतं, पण ओट्याशी उभ्या सासूबाई हसल्या नाहीत, हेही तिनं बघितलं. रात्री आदिनाथ शिफ्टवरून आल्यावर ती त्याला म्हणाली, "फळी काढली तर काढू दे. पण मी आईकडं चिमूटभर काय पाठवलं नाय, हे कुणीतरी म्हणा रे एकदा." आदिनाथ म्हणाला, "मी बोलतो आईशी," आणि बोलायच्या आत झोपला.

रविवार उजाडला. मामांनी आंघोळ केली, देवाला हात जोडले, कपाळभर भंडारा लावला आणि पेचकस घेऊन फळीपाशी उभे राहिले. "तपास थांबला नाय," ते सुनेला म्हणाले, "फक्त फळी निघतीय." त्यांना खरंच वाईट वाटलं होतं, ते आवाजात कळत होतं.

तेवढ्यात चतुराबाई आल्या. मामांची थोरली बहीण, दौलताबादला शेती करणारी, आवाज असा की रिक्षावाल्यानं हॉर्न वाजवायचीही गरज नाही. "शिवशंकऱ्या, हातात पेचकस कशाला? कुणाचं काय ढिलं झालंय?" पेरूंची पिशवी ओट्यावर ठेवून त्यांनी पाय धुतले आणि सवयीप्रमाणं आधी देवघरासमोर गेल्या. घर खंडोबाचं. आल्या-गेल्यानं आधी मल्हारीला हात जोडायचे, भंडारा लावायचा, मग पाणी प्यायचं.

चतुराबाईंनी डोळे मिटले. ओठ पुटपुटले. मिटल्या डोळ्यांनीच उजवा हात भिंतीकडं गेला, फळीवरची पहिली बरणी उचलली, झाकण काढलं. चार बोटं आत घातली. आधी आपलं कपाळ, मग शिवशंकररावांचं, मग सत्यशीलाबाईंचं आणि उरलेली मूठ "यळकोट यळकोट जय मल्हार!" करत देवावर उधळली.

मोनिकाच्या हातातला तांब्या तसाच राहिला.

"आत्या," ती म्हणाली, "ती हळद हाय. वरणातली."

"भंडारा हाय गं येडे. इथंच असतोय न्हवं? सून होऊन आली तवापासनं सासूला इथंच हात घालताना बघत आलीय ही सत्यशीला, विचार तिला."

तिथंच असायचा, हे खरं. फळी लागायच्या आधी त्या जागी एक कोनाडा होता आणि कोनाड्यात भंडाऱ्याची पितळी डबी. मोनिकानं ती डबी देवघराच्या आत, टाकांच्या मागं ठेवली होती आणि आदिनाथला सांगितलं होतं, घरात सगळ्यांना सांग. आदिनाथ हो म्हणाला होता. हो म्हणण्यात तो पहिल्यापासून तरबेज.

चतुराबाईंनी टाकांमागून डबी काढली, उघडली. काठोकाठ भरलेली. चंपाषष्ठीचे सहा दिवस घरात माणसांची रीघ, प्रत्येकाच्या कपाळाला भंडारा, आणि भंडाऱ्याची डबी जशीच्या तशी!

"मला वाटलं सुनबाईनं देवाचा भंडारा बी बरणीत भरला," मामा पुटपुटले. रोज सकाळी तपासाला निघताना यश दे म्हणून आणि रोज संध्याकाळी यश आलं नाही म्हणून, दोन्ही वेळा ते कपाळ माखून घेत होते. क्षणभरच ते ओशाळले. मग छाती पुढं आली. "मी म्हणलोच व्हतो! गुन्हेगार घरातलाच हाय!"

"तुम्ही निशाच्या घरी गेला व्हता," सत्यशीलाबाई म्हणाल्या. "आन् आता गप बसा."

त्या आपल्या बोटांकडं बघत होत्या. येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याच्या कपाळाला त्यांनीच तर भंडारा लावला होता, ओंजळ भरून. घरात काय झालंय ते चतुराबाईंना अजून कळलं नव्हतं, पण भावजयीचा चेहरा बघून त्यांनी डबी मिटून जागेवर ठेवली.

"म्या वाटली हळद," सत्यशीलाबाई हळू म्हणाल्या. "माझ्याच हातानं. आन् नाव तुझं घेतलं. लई वाईट बोलले गं मी."

"जाऊ द्या, मामी," मोनिका म्हणाली, पण 'जाऊ द्या' म्हणताना तिला पहिल्यांदाच खरोखर जाऊ द्यावंसं वाटलं.

"फळी र्‍हाऊ द्या," सत्यशीलाबाईंनी नवऱ्याच्या हातातला पेचकस काढून घेतला. "पैली बरणी देवाची. दुसरीपासनं हिची. हात हितंच जाणार, मंग देवालाच हितं आणू." एवढं बोलून त्यांनी फोन उचलला आणि वसमतला लावला. "हॅलो, दादा? हळद संपली रे आमची. व्हय, एवढ्यात. ते आल्यावर सांगते, लई मोठी कथा हाय. तू असं कर, दोन पिशव्या भर. एक आमच्याकडं लावून दे. दुसरी कन्नड गावाला, आमच्या मोनिकाच्या आईला. तिच्या घरी बी आपली हळद जाऊ दे की. थांब, पत्ता तीच सांगती."

फोन मोनिकाच्या हातात आला. तिकडून मामासासरे "बोल पोरी, बोल" म्हणत राहिले आणि तिला आपल्या माहेरच्या गावाचं नाव काही केल्या उच्चारता येईना.

शिवशंकरमामांनी मान वाकडी केली, डोळे बारीक केले आणि सुनेच्या चेहऱ्याचं नीट निरीक्षण केलं. ओले डोळे, लाल नाक, आवाज बसलेला. उत्तर त्यांना लगेच सापडलं.

"कांदा," ते बहिणीच्या कानाशी खात्रीनं म्हणाले. "आत्ताच चिरलेला."

चतुराबाईंनी ओट्याकडं बघितलं. ओट्यावर पेरूच होते, आणि तेही अजून पिशवीत.